दोन तारखांना वारलेला काका

माझी आत्या पैशाला भुलणारी बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण ही हकीकत ज्याला सांगावी तो "म्हातारी माणसं, लोभ सुटतो हो" असं म्हणून मान हलवतो आणि माझं डोकं सटकतं. लोभ कसला डोंबलाचा! आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही. रिक्षावाल्याने चुकून जास्त सुटे दिले तर त्याला हाका मारून परत देणारी आणि कमी दिले तर रिक्षातून न उतरणारी बाई आहे ती.

तिला एक धाकटा भाऊ होता. माझा काका. आजोबांशी भांडून घर सोडलं, मुंबईला जाऊन बोटीवर नोकरी धरली. काही वर्षं कुठकुठल्या बंदरांतून पत्रं आली आणि मग बंद झाली. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे मला तो फोटोतलाच माहीत. माझे वडील म्हणायचे, "गेला असेल गं, सोड आता." त्यावर आत्या उसळायची, "तू गेला होतास का बघायला?" पितृपंधरवड्यात गुरुजी गेलेल्यांची नावं विचारायचे, तेव्हा काकाचं नाव तिने कधी घेऊ दिलं नाही. "तो आहे," एवढंच म्हणायची. वडील गेले, बाकीचेही एकेक गेले, तरी आत्याचं ते "आहे" काही हललं नाही. पुढेपुढे आम्हीही तिच्यासमोर तो विषय काढेनासे झालो.

तर एका सकाळी तिचा फोन. आवाज बसलेला.

"अगं, तुझा काका गेला. मी डोक्यावरून आंघोळ केलीये. पण तिथी काढायचीये आणि तारखा दोन आल्यात. कोणती धरू?"

"दोन? कुणी कळवलं तुला?"

"वकिलाने. मेल आलीये. तू ये."

मी वाघोलीला राहते, ती पेठेत. आमच्या नगर रस्त्याला माणसाच्या सुखदुःखाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे येरवड्यापर्यंत पोचेतो मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. फोटोतल्या माणसासाठी मला रडू आलं नाही. आत्याच्या बसलेल्या आवाजासाठी मात्र आलं.

दार उघडलं तेव्हा तिचे केस अजून ओले होते. देवापुढे दिवा नव्हता. गेल्या गेल्या हातावर पाणी ठेवणारी आत्या, पण त्या दिवशी नुसतीच खुर्चीत जाऊन बसली आणि मीच तिला घेऊन दिलेला टॅब तिने माझ्यापुढे सरकवला.

पहिली मेल वाचली आणि माझी कानशिलं तापली. "प्रिय लाभार्थी," अशी सुरुवात! परदेशातला कुणी वकील म्हणे. त्याचे एक अशील, आपल्याच आडनावाचे, एप्रिल महिन्यात बायको आणि एकुलत्या मुलासह मोटार अपघातात वारले. वारस कुणी नाही. बँकेत गडगंज पैसा पडून आहे. आपण नातलग म्हणून पुढे या, तातडीने उत्तर द्या आणि हे कुणापाशी बोलू नका.

खाली आत्याचं उत्तर होतं. शुद्ध, नीटनेटक्या इंग्रजीत. कळवल्याबद्दल आभारी आहे. संपत्ती मला नको, तिथल्या एखाद्या शाळेला द्यावी. माझ्या भावाचं निधन कोणत्या दिवशी आणि किती वाजता झालं, तेवढं कृपया कळवावं.

"वेळ कशाला विचारलीस?"

"तिथी दिवसाच्या मधेच बदलते ना. म्हणजे चूक नको. तारीख माहीत नसलेल्यांचं अमावास्येला उरकतात, तसं नको होतं मला त्याचं."

जगात कुणी त्या भामट्याला असं विचारलं असेल? लोक विचारतात पैसे कधी मिळतील, आणि ही विचारतेय श्राद्ध कधी घालू! एखाद्याला लाज वाटली असती. याने काय लिहिलं? अशील नोव्हेंबरमध्ये हार्ट अटॅकने वारले, नेमकी वेळ मृत्यूच्या दाखल्यावर आहे, आणि दाखला पाठवायला आधी फी भरावी लागेल. म्हणजे मेल्याने बघितलं की बाईला पैसा नको, तारीख हवी आहे. मग तारखेलाच भाव लावला. कसले निर्लज्ज लोक असतील! आणि आत्या भरणार होती हो. पासबुक टेबलावर काढून ठेवलं होतं. फक्त एप्रिल की नोव्हेंबर, एवढंच तिचं अडलं होतं.

"आत्या," मी म्हटलं, "एकच माणूस एप्रिलमध्ये अपघातात आणि नोव्हेंबरमध्ये झटक्याने कसा जाईल?"

"ऑफिसातल्या कारकुनाची चूक असेल."

"बरं. यात काकाचं नाव कुठंय ते दाखव."

ती वाकून वाचायला लागली. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग दुसरी मेल वाचली.

"आडनाव आहे," ती म्हणाली.

"आडनाव तुझ्या पत्त्यातूनच उचललंय. आपल्या आडनावाची माणसं पुण्यात पैशाला पासरी आहेत, त्या सगळ्यांना गेली असेल ही मेल. वकील म्हणवतो आणि मेलचा पत्ता फुकटातला, कॉलेजातल्या पोरांचा असतो तसा. अशिलाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. घाई कर म्हणतो, कुणाला सांगू नको म्हणतो. अगं, काकाचं नाव त्याने लिहिलंच नाहीये. ते तू घातलंस!"

तिने टॅब पालथा घातला. मग म्हणाली, "उत्तरं दोन आली तेव्हाच कळायला हवं होतं मला."

मला आपलं वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. मी तिचा हात धरून म्हटलंसुद्धा, "म्हणजे काकाचं काही झालेलं नाही. सगळं खोटं आहे!" तिने "बरं" म्हटलं आणि चहा टाकायला उठली. पासबुक उचलून कपाटात ठेवलं. त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले.

सकाळी ती पातळ नेसून तयार. "तक्रार करायचीये," म्हणाली. पैसे गेले नाहीत तर कशाला, असं मी म्हणणार होते, पण तिचा चेहरा बघितला आणि रिक्षा बोलावली.

सायबर पोलिसांकडचा अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. आजी म्हणून खुर्ची दिली, पाणी मागवलं. दोन्ही मेल वाचल्या आणि विचारलं, "किती रक्कम गेली?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग सुटलात की! उत्तर देऊ नका आता त्यांना. आजी, नशीबवान आहात."

आत्या उठली नाही.

"साहेब, माझा भाऊ आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. घरात कुणाचंच ऐकलं नाही. या माणसाने कळवलं तो गेला, आणि मी रडले. पोटभर रडले. आता ही म्हणते, खोटं होतं. असेल. पण काल रात्रभर मी प्रयत्न केला आणि मला तो पुन्हा जिवंत वाटत नाहीये. ते गेलंय माझं." तिने टॅब त्याच्यापुढे सरकवला. "ते लिहून घ्या."