उशिराचा दाखला

उशिरा येऊनही नवरदेवाच्या ऐटीत दारात उभा राहणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो टोकियोतल्या ओजिमाला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत होता. सगळे त्यांना काका म्हणत. सॉफ्टवेअरवाल्यांची झुंबड टोकियोत यायच्या आधीपासून ते कावासाकीच्या कंपनीत होते. जपानची देवळं, बागा, सुशी यांतलं काहीच त्यांच्या मनात भरलं नाही. भरली ती एकच गोष्ट. गाडी लेट झाली की स्टेशनवरचा माणूस वाकून माफी मागत चिठ्ठी देतो, उशिराचा दाखला, ऑफिसात दाखवायला. "चूक त्यांची, माफी त्यांची, आपण निर्दोष! संस्कृती म्हणतात ती ही," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. एकदा आमच्याकडे गणपतीच्या आरतीला ते मंत्रपुष्पांजली संपल्यावर उगवले आणि बाप्पापुढे, नारळाशेजारी, उशिराचा दाखला ठेवून त्यांनी शांतपणे नमस्कार केला. मोदक मात्र वेळेवर आल्यासारखे खाल्ले.

त्यांची लेक सई कंपनीने काकांना अमेरिकेत पाठवलं होतं तेव्हा तिकडे जन्मलेली, म्हणून अमेरिकन, टोकियोतल्या अमेरिकन पद्धतीच्या कॉलेजात शिकणारी. तिला अमेरिकेत डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही तिच्या तोंडी नव्हतंच. तिने एकाच सत्रात तिकडच्या मेडिकल प्रवेशाला लागणारे फिजिक्स, बायॉलॉजी आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री हे तिन्ही विषय घेतले, आणि चाचण्या धडाधड वाईट जायला लागल्यावर मुदतीच्या आत केमिस्ट्री सोडून दिली. गुणपत्रिकेवर ग्रेडच्या जागी नुसता 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, आला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, फेल झाले असते तर ते वाईट. एका डब्ल्यूने अ‍ॅडमिशन जात नाही. ढीगभर असले तर प्रॉब्लेम. इंटरव्ह्यूत विचारलं तर नीट सांगता आलं पाहिजे, बस."

"अगं, सोडलं म्हणजे गाडी रद्द! रद्द गाडीतून कोण कुठे पोचलंय?"

दुसऱ्या दिवशी काका थेट कॉलेजच्या ऑफिसात. मुलीला केमिस्ट्रीला उशीर होतोय, तसा दाखला द्या! तिथल्या बाईंनी वाकून वाकून माफी मागितली, ग्रीन टी दिला, दाखला काही दिला नाही. इकडे सईने पुढच्या सत्रात हलके विषय घेऊन केमिस्ट्री पुन्हा धरली. काका तिच्या अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद करून मोजे घालून घरात चालत, आणि तिला 'ए' मिळाला तेव्हा त्यांनी अख्ख्या इमारतीला श्रीखंड वाटलं.

शेवटी अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजातून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. तिथे प्रश्न तोच, केमिस्ट्री का सोडली? सईने आधी सरळ सांगितलं, की झेपेल त्याहून जास्त घेतलं होतं, ते वेळेत ओळखलं आणि पुन्हा नीट केलं. मग वडिलांचं दाखल्यांचं वेड सांगून म्हणाली, "माझी गाडी रद्द नव्हती, लेट होती. पोचले मी." समोरचे डॉक्टर खो खो हसले म्हणे. प्रवेशाची बातमी आली त्या दिवशी काका जिना उतरताना ओरडत होते, "लेट होती! नुसती लेट होती!" एवढा आनंदी माणूस मी ओजिमात परत पाहिला नाही.

सई निघाली त्या दिवशी सामान उचलायला मीही गेलो होतो. विमानतळाची गाडी नेमकी लेट झाली. चिठ्ठ्या वाटणाऱ्यापुढे रांग लागली, आणि मी सवयीने काकांना जागा करून दिली. ते हलले नाहीत. लेकीची बॅग घट्ट धरून रुळांकडे बघत उभे राहिले.

"राहू दे रे," ते हळूच म्हणाले. "आज कुणी माफी मागायची गरज नाही."