कोकिळाबाईंची जागा

पडदा वर जातो तो धुळ्याच्या अलीकडे, मोहाडीच्या शिवारात. हिवाळ्यातली सकाळ, कपाशीवर अजून दहिवर, आणि रुळांवर मध्येच उभी राहिलेली चाळीसगाव-धुळे गाडी. डब्यात कॉलेजची पोरं मोबाईलमध्ये माना घालून बसलेली. दाराशी भरताच्या वांग्यांची पाटी पायांत धरून शिरूडच्या कोकिळाबाई. चेहरा असा, की जणू घरातल्या कुणाला दवाखान्यात नेलंय.

"काय थांबनी रे भाऊ गाडी?"

दूधवाला सुकदेव दारातून वाकला. "म्हशी शेतस रुळवर. आक्का, उतरी जा, तुम्हीच हाका मारा. तुमनं ऐकतीन."

डबा हसला. कोकिळाबाई हसल्या नाहीत.

आज जुन्या भाजीबाजारात मोजणी होती. बाजार पाडून तिथं शॉपिंग सेंटर उभं राहणार. वर कपड्यांची, मोबाईलची दुकानं, खाली भाजीवाल्यांना पक्के ओटे. ज्या जागेवर जो माल मांडून बसलेला दिसेल, त्याचं नाव महापालिकेचा साहेब खडूनं तिथं टाकणार. बाकीच्यांनी रस्त्यावर बसायचं. रस्ता कोकिळाबाईंनी पाहिलेला होता. अतिक्रमणवाल्यांची पिंजऱ्याची गाडी आली की पाटी उचलून पळायचं. त्यांचे गुडघे आता पळण्यातले राहिले नव्हते.

बाजारातल्या कडुलिंबाखालची त्यांची जागा मूळची सासूची, भागाबाईची. नवरा गेल्यावर दोन्ही मुली त्याच गोणपाटावर बसून वाढवल्या.

शेजारी अनवरी बसायची, देवपूरची, मिरच्या-लिंबंवाली. तिला फोन लावावा, तर फोन तिचा मुलगा फैसल कामावर घेऊन जायचा. तरी अनवरी तिथं आहे, एवढाच काय तो धीर होता. शेजारीण आली नाही, तर परक्यानं बळकावू नये म्हणून आपला माल तिच्या जागेवर पसरून ठेवायचा, ही बाजाराची रीत. बाळंतपणात, मयतीत दोघींनी एकमेकींच्या जागा अशाच राखल्या होत्या.

म्हशी हलल्या, गाडी हलली. स्टेशनवरून रिक्षा करून कोकिळाबाई बाजारात आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. लिंबाखाली अनवरीच्या मिरच्या ऐसपैस पसरलेल्या. दोघींच्या जागेभोवती मिळून खडूची एकच चौकट. आत एकच नाव, अनवरी.

"माले वाटनं, तू आज येत नही," अनवरी रडवेली झाली होती. "म्हनीसन पसरी दिधात व. मी सांगं त्यासले, आर्धी जागा कोकिळानी शे. कोन्ही ऐकत नही!"

साहेब पुढच्या रांगेत पोचला होता. कोकिळाबाईंनी त्याला गाठलं.

"साहेब, तिथली अर्धी जागा माझी."

"माल कुणाचा होता?"

"तिचा. आमच्यात असंच करतात, साहेब."

"बाई, मी डोळ्यांना दिसतं ते आखतो. तुमच्यात काय करतात, ते कसं आखू?" तो वैतागून मागे आला. "मापं वहीत गेली, आता चौकट मोडता यायची नाही. फार तर नाव बदलतो. एक ओटा, एक नाव. बोला लवकर, कुणाचं?"

"तिनं नाव लिखा," अनवरी म्हणाली आणि मिरच्या गोळा करायला लागली. "तिनी सासूनी जागा शे."

"ले कोकिळा," पलीकडून मेथीवाली ताईबाई ओरडली, "व्हय आते मालकीण! आन अनवरीले बसाड रस्तावर!"

कोकिळाबाईंना फक्त 'हो' म्हणायचं होतं. साहेबाचा खडू खाली टेकलेला, अनवरीची मान खाली, हात मिरच्या गोळा करताहेत. कोकिळाबाईंनी पाटी चौकटीच्या आत ठेवली.

"नाव तिचंच राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या, आणि अनवरीला कोपरानं ढोसलं. "सरक व जराशी. आन मना आगोदर मरू नको, एवढं ध्यानमा ठेव."