साहेबांची इंग्रजी सावली

पुणे शहरात सावलीवर जेवढा हक्क आमच्या साहेबांनी सांगितला, तेवढा एखाद्या वडाच्या झाडानेही सांगितला नसेल. झाडाची सावली निदान आपल्या जागी असते. साहेबांची सावली इंग्रजीतली, त्यामुळे ती कुठेही आणि केव्हाही पडे. फायलीवर, हनुवटीवर, लग्नातल्या नवरीच्या पापण्यांवर. एका सरकारी खात्याच्या भाषांतर शाखेत ते माझे वरिष्ठ होते. इंग्रजी परिपत्रकं मराठीत आणायची आणि मराठी गाऱ्हाणी इंग्रजीत न्यायची, हे आमचं काम. या कामात माणसं साधारणपणे दोन्ही भाषा विसरतात. साहेबांनी मात्र इंग्रजीतला एक शब्द धरला, 'शॅडो', आणि उभ्या नोकरीत त्याची पाठ सोडली नाही. हाच शब्द का, असं विचारलं की दर वेळी नवीन उत्तर मिळे. "पुण्यात उकडायला लागलंय हो फार." किंवा, "माझ्या टेबलावर पश्चिमेचं ऊन येतं, तुमच्या येत नाही." खरं उत्तर मला गेल्या महिन्यात मिळालं. पण ते ऐकण्याआधी मला जे कबूल करावं लागलं, त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

सकाळी केलेल्या दाढीचे खुंट संध्याकाळी डोकावू लागले की इंग्रजीत त्याला पाच वाजताची सावली म्हणतात. साहेब रोज पाचला हनुवटीवरून हात फिरवत आणि "चला पंडित, उगवली," म्हणून फाईल मिटत. माझं आडनाव पंडित नाही. हे कौतुक की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही. ज्याअर्थी विचारलं नाही, त्याअर्थी मला ठाऊक असावं. एकदा हडपसरच्या आपल्या नेहमीच्या सलूनमध्ये ते संध्याकाळी खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "अहो, तेवढी पाच वाजताची सावली काढून टाका." "काढतो की साहेब," म्हणून न्हावी बाहेर गेला आणि दुकानापुढचं उन्हासाठी बांधलेलं कापड गुंडाळून आला. सगळं ऊन साहेबांच्या डोळ्यांवर. साहेबांनी डोळे मिटून दाढी करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला गंभीरपणे म्हणाले, "भाषांतर अचूक होतं त्याचं. मीच मूळ वाक्य मोघम दिलं." पुतणीच्या लग्नात तर ते मेकअपच्या खोलीत डोकावले आणि आय-शॅडो लावणाऱ्या बाईंना अदबीनं विचारू लागले, "आपण मुलीच्या डोळ्यांवर सावली घालताय. कसली, ते कळेल का?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "पीच कलरची, काका." या उत्तरावर साहेब आठवडाभर खूश होते.

पण हा छंद नुसता गमतीचा नव्हता. शब्द हातात घेऊन तो उन्हात धरावा आणि कुठे कुठे काय पडतं ते बघावं, तशी त्यांची नजर होती, आणि ती बघताना मी कित्येकदा तोंडात बोट घालायचाच काय तो राहिलो. नवीन असताना मी एका निकालपत्रात 'संशयाच्या सावलीपलीकडे' असं लिहून नेलं होतं. साहेब म्हणाले, "संशयाची सावली पडायला आधी संशय उभा हवा. इथं तो आडवा झालाय. 'निःसंशय' लिहा आणि चहा सांगा." विरोधी पक्षाच्या 'शॅडो कॅबिनेट'चं कोणी 'छाया मंत्रिमंडळ' केलं, तर आमच्या टंकलेखक बाईंनी कागद हातात धरून विचारलं, "या छायाताई कुठल्या मतदारसंघाच्या?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. आपल्याकडे छाया माणसाचं नाव असतं, लाडानं ठेवलेलं. इंग्रज आपल्या मुलीचं नाव शॅडो ठेवील का? विचार करा." आम्ही विचार केला. मी तर अजून करतो आहे.

निवृत्तीनंतर त्यांना शब्द पुरवायला वरच्या मजल्यावरची मुलगी मिळाली. ती हिंजवडीला कंपनीत लागली होती. लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, सध्या मी एका सीनियरला शॅडो करतेय." म्हणजे त्याच्या मागेमागे राहून काम शिकतेय. साहेबांचे डोळे चमकले. "मग दुपारी बाराला काय करतेस? तेव्हा सावली पायाखाली जाते." ती म्हणाली, "बाराला लंच असतो, काका." तिनंच त्यांना 'थ्रोइंग शेड' शिकवलं, म्हणजे एखाद्याला सहज जाता जाता हिणवणं. साहेब म्हणाले, "फेकावी लागते? सदाशिव पेठेत ती आपोआप पडते." आणि एका सकाळी वॉचमननं वहिनींना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, खाली बोलावून हळूच सांगितलं की साहेब गच्चीवर एकटेच मारामारी करताहेत. साहेब शॅडो-बॉक्सिंग, म्हणजे आपल्याच सावलीशी ठोसेबाजी, नक्की कशी असते ते करून बघत होते. "जिंकलं कोण?" वहिनींनी विचारलं. "ती आधीच आडवी होती," साहेब धापा टाकत म्हणाले, "पण हटेना."

आता मुद्द्यावर येतो. यायला मला नेहमीच उशीर होतो.

एका बड्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी मी इंग्रजी भाषण लिहिलं होतं. त्यात 'आम्ही सारे आपल्या सावलीत वाढलो' हे सरळ इंग्रजीत घातलं होतं. साहेबांनी मला समोर बसवलं. "पंडित, ही शिवी झाली. इंग्रजाचा देश गारठलेला. ऊन म्हणजे त्याचा जीव. त्याच्या उन्हाच्या आड जो उभा राहिला तो वैरी. कुणाच्या शॅडोमध्ये राहिलो म्हणजे तुमच्यामुळे मी दिसलोच नाही. आपल्याकडे ऊन मारतं. म्हणून डोक्यावर सावली धरणारा तो बाप. वाक्य एकच. तिकडे गाऱ्हाणं, इकडे उपकार." एवढ्याशा वाक्यात त्यांनी दोन देशांचं हवामान मांडलं आणि पुन्हा फाईल ओढली. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि हेच तर माझं दुखणं होतं. नोकरीला लागल्यापासून मी त्यांच्या हाताखाली. मी केलेलं उत्तम भाषांतर वर गेलं की वरून विचारणा येई, "साहेबांनी केलं ना?" ते प्रामाणिकपणे सांगत, "नाही, यांनी केलं." आणि वरचे लोक त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक करत. ते निवृत्त झाले, त्यांची खुर्ची मला मिळाली, तरी शब्द अडला की माझ्याच खोलीत, माझ्याच देखत लोक म्हणत, "आधीच्या साहेबांना फोन लावू या का?" लावत. साहेबांना उत्तर येत असे. मी सगळ्यांबरोबर मान डोलवत असे. घरी जाऊन बायकोलाही काही बोललो नाही. मी बोलणारा माणूस नव्हे.

गेल्या महिन्यात साहेबांच्या पंचाहत्तरीचा छोटा समारंभ जुन्या सहकाऱ्यांनी केला. मुख्य भाषण अर्थातच माझं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, साहेबांच्या आवडत्या भाषेत एक वाक्य बोलतो: "आय हॅव स्पेंट माय लाइफ इन हिज शॅडो." हॉल टाळ्यांनी भरून गेला. पहिल्या रांगेत वहिनींनी पदर डोळ्याला लावला. सगळ्यांनी ते मराठीत ऐकलं. इंग्रजीत ऐकणारे त्या हॉलमध्ये दोघेच होते, आणि साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. त्यात राग नव्हता. एखादा शब्द तपासताना बघत, तसं बघत होते.

वाक्य चुकून आलं नव्हतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. टाळ्या सगळ्यांकडून घ्यायच्या आणि काटा नेमका एकाला लावायचा, असं ते घडवलेलं होतं. त्यानंतर जेवण गोड लागेना. साहेबांचा रोजचा फोनही आला नाही. त्या फोनला मी इतकी वर्षं वैतागलो होतो. आता मोबाइल उशाशी घेऊन निजू लागलो. ते वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलं असेल, तर हे माणूस मी घालवलं. हिशेब एवढाच होता. शेवटी एका रविवारी सकाळी हडपसरची बस धरली.

दार त्यांनीच उघडलं. "या. वाक्य व्याकरणाला धरून होतं," ते म्हणाले. बसायच्या आधीच.

"साहेब, मी ते इंग्रजीतच म्हटलं होतं. म्हणजे, इंग्रजी अर्थानं."

"ठाऊक आहे. मराठी अर्थानं म्हणायचं असतं तर मराठीत म्हणाला असतात. तुम्ही शिकलाय माझ्याकडे."

मी म्हणालो, तुमच्यापुढे मी कुणाला कधी दिसलोच नाही, ते साचलं होतं. ते मान हलवत राहिले. इथं थांबलो असतो तर दोघंही चहा पिऊन मोकळे झालो असतो. पण इतक्या वर्षांनी तोंड उघडलं होतं, ते मिटेना. मी म्हणालो, "आणखी एक आहे. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं, आमच्यातलं कोणी, तर मला इतकं खुपलं नसतं. ऑफिसात कोणी तुमच्याबद्दल 'त्यांच्यातले असून काय इंग्रजी आहे' म्हणालं, की मी गप्प बसायचो. हसायचो नाही. पण गप्प बसायचो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची. त्या घरात मी किती वेळा पोहे खाल्ले होते, आणि हे वाक्य प्रत्येक वेळी बरोबर घेऊन गेलो होतो.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही विचारायचात ना, शॅडोच का? पेशवाईत याच शहरात आमच्या लोकांना सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर यायची चोरी होती, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कारण त्या वेळी सावली लांब पडते. ती कोणावर पडली की त्याला विटाळ. माणूस स्वतःचे हातपाय आवरील, सावली कशी आवरणार? शाळेत मास्तरांनी पहिल्यांदा इंग्रजी डिक्शनरी हातात दिली, तेव्हा मी तो शब्द उघडून बघितला. केवढा मोठा कारभार! ती संशयाला असते, मंत्रिमंडळाला असते, बायका ती पापणीवर लावून मिरवतात. सगळं वाचलं. अंगावर पडली तर आंघोळ करावी लागते, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचलं. म्हटलं, या भाषेत आपल्याला राहायला हरकत नाही."

मी खाली बघत होतो. आणि मग मला विचित्र आवाज ऐकू आला. साहेब हसत होते. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग ठसका लागेपर्यंत. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

"अहो, झालं काय?"

"अगं, या गृहस्थानं," ठसक्यातून ते म्हणाले, "भर सभेत, माइकवरून सांगितलं की माझी सावली याच्यावर आयुष्यभर पडली! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! अगं, खापरपणज्याला ऐकवायला हवं होतं!"

वहिनीही हसल्या. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी त्या वाक्याला दोन अर्थ आहेत असं समजून त्याला इतकं जपून टोक काढलं होतं. तिसरा अर्थ साहेबांनी तिथल्या तिथे, त्या हॉलमध्ये, ऐकला होता. माझ्या काट्याचा त्यांनी हार करून गळ्यात घातला होता आणि घरी बसून एकटेच त्याचा आनंद घेत होते. मला धन्य वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली. उंच कड्याखाली उभं राहून वर बघताना वाटते, तशी.

"मग फोन का नाही केलात?" मी विचारलं.

"तुम्ही याल की नाही, ते बघत होतो," ते म्हणाले. चहा झाला. मी चपला घालताना ते दाराशी आले. आता हसत नव्हते. "पंडित, इंग्रजी वाक्याचं मिटलं. पण ते दुसरं, 'तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर', त्याचं भाषांतर माझ्याकडे मागू नका. मला येतं ते. पण मी करणार नाही. ते तुमचं तुम्ही करा."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. नाही केलं, असंही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन मात्र येऊ लागला. हवापाण्याचं बोलतात, एखादा नवा शब्द सांगतात, आणि ठेवायच्या आधी विचारतात, "झालं का?" मी म्हणतो, "चालू आहे, साहेब." हे लिहिलंय तो त्याचाच कच्चा खर्डा. वाचून पाहतो तर अवघड जागा अजून सगळ्या तशाच सुटलेल्या आहेत. ते म्हणतात, "घ्या वेळ." पंचाहत्तरीचा माणूस मला वेळ देतो आहे, आणि मी तो घेतो आहे.