प्लग पान्याची चौकशी

सेवेत असताना दरोडे, खून, अफरातफर सगळं हाताळलं. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण निवृत्तीनंतर कुवेतमध्ये, अंगावर वर्दी नसताना, एका पान्यासाठी केलेली चौकशी मात्र डोक्यातून जात नाही. इतका वैताग मला एकाही आरोपीने दिला नव्हता.

लेकीकडे हवल्लीला राहायला गेलो होतो. जावई हिशेबनीस. त्याच्या कंपनीचे मालक म्हणजे रुमैथियात राहणारे एक वयस्कर कुवेती गृहस्थ. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची मोटार होती आणि तिच्यासोबत आलेली मूळ हत्यारं ते वर्षानुवर्षं शोधत होते. पाने, पक्कड, जॅकचा दांडा. प्रत्येकावर मोटारीच्या कारखान्याचा शिक्का हवाच. शिक्का नसेल तर ते नुसतं लोखंड. शेवटी फक्त प्लग पाना, म्हणजे इंजिनाचे स्पार्क प्लग खोलायचा पाना, राहिला होता. तो परदेशातून मिळाला, पण गंजलेला. गंज काढायला त्यांनी तो आपल्या गॅरेजातल्या फिटरकडे दिला. फिटर मालवणकडचा, पन्नाशीचा, फरवानियात चौघांच्या खोलीत राहणारा. पाना परत आलाच नाही.

मालकांनी बजावलं, आठवड्यात पाना आला नाही तर मखफरला, म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रार. तक्रार झाली की देश सोडायला बंदी. आणि तिकडे गावी फिटरच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं.

"बाबा, तुम्ही बोला ना त्याच्याशी," जावई म्हणाला. "तुमची तर प्रॅक्टिस आहे."

जन्मभर जे करून कंटाळलो तेच करायला मी विमानात बसून आलो होतो जणू. तरी फिटरला घरी बोलावलं. ठाण्यातही मी संशयिताला आधी चहा पाजत असे. कप हातात असला की माणसाला हातवारे करता येत नाहीत, मग चेहरा बोलतो.

"पाना कुठे आहे?"

"हरवलो, साहेब."

"कुठे हरवला?"

"बसमधी."

चहा संपता संपता पुन्हा विचारलं, तर म्हणाला, रूमवर हरवला.

"अरे, बसमध्ये की रूमवर?"

"खंय तरी हरवलो."

"विकलास का?"

"नाय."

"मग कुणाला दिलास?"

तो रिकामा कप विसळायला उठला. माझं डोकं फिरलं. चोराचं खोटं पाठ केलेलं असतं. जबाब कितीही वेळा घ्या, अक्षर हलत नाही. हा माणूस जागच्या जागी खोटं रचत होता आणि तेही धड जमत नव्हतं. चोर तो नव्हता. मग तोंड का उघडत नव्हता?

शुक्रवारी त्याच्या खोलीवर गेलो. स्थळपाहणी म्हणा. कोकणी माणसाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. सुरमईचं कालवण, भात, आणि वाढता वाढता खोलीतला स्वयंपाक करणारा कुरकुरला, "सोलकढी काय मागू नकात. गावातसून आणलेला आगळ ह्या फिटरान सगळा संपवल्यान."

"प्यायला?"

"खंयचा पिता! लोखंड भिजत घातल्यान त्यात."

मी फिटरकडे पाहिलं. तो ताटावरून उठला, हात धुतला आणि तांदळाच्या डब्यातून बनियनमध्ये गुंडाळलेला पाना काढून माझ्यापुढे ठेवला. पाना खड्ड्याखड्ड्यांनी भरलेला. शिक्का नावालाही नव्हता.

एरवी तो गंज आमसुलाच्या पाण्यात काढायचा. थोडा वेळ भिजवायचं, ब्रश मारायचा, झालं. या वेळी आमसुलं संपली होती म्हणून त्याने आगळ ओतलं. कोकमाचं आगळ आंबट तर असतंच, वर मिठाने खारट. त्यातच खोलीवर गणपती आले. आरत्या, भजनं, जागरण यांत भिजत घातलेला पाना विसरला तो विसर्जनापर्यंत.

"आगळान शिक्को खाल्ल्यान, साहेब," तो म्हणाला.

"मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती? मुलीचं लग्न सोडून कोठडीत जाणार होतास?"

"चोर म्हटल्यानी तर खरा काय ता कधीतरी कळतला. काम बिघडवलंय म्हटलंय तर माझ्या हातात परत पानो कोण देतलो?"

मला राग आवरेना, आणि त्याच्यावर रागावताही येईना.

संध्याकाळी त्याला घेऊन रुमैथियाला गेलो आणि सगळं सांगितलं. मालकांनी चष्मा लावला, शिक्क्याच्या जागी अंगठा फिरवत राहिले. त्यांना मुंबईशी व्यापार होता त्या काळचं जुनं हिंदी येत होतं. "तू चोर होता तो अच्छा था," ते फिटरला म्हणाले. "चोर से मैं वापस खरीद लेता."

तक्रार झाली नाही. रजा मिळाली, मुलीचं लग्न थाटात झालं. फिटर परत आल्यावर मालकांनी त्याला गाड्या धुण्याच्या कामावर लावलं. हत्यारांना हात लावायचा नाही.

सबंध नोकरीत मी संशयिताला विचारत आलो ते 'काय घेतलंस' एवढंच. 'काय बिघडलं' हे विचारायचं असतं, ते मला कुवेतमध्ये कळलं. केस मी सोडवली असं जावई चारचौघांत कौतुकाने सांगतो आणि मी विषय बदलतो. तो माणूस ज्या शिक्षेला घाबरत होता, नेमकी तीच मी त्याला मिळवून दिली.