चौदा नंबरची भिंत

भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीच्या वजनावरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी माणूस, पण वाकडं दिसलं की गप्प बसणं रक्तातच नव्हतं. कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग दाराच्या चौकटीकडे एक डोळा मिटून बघणार, "अर्धं बोट गेलीय" म्हणणार आणि मगच टेकणार. तोवर चहा गार आणि घरवाल्याचं तोंड आंबट.

त्याची धाकटी, बारकी, सात-आठ वर्षांची असल्यापासून त्याच्या मागेमागे कामावर जायची. तिनं आपणहून थापी उचलली तेव्हा बापाला आनंद झाला असेल, नाही कशाला म्हणा. पण दाखवेल तर शपथ. पोर अंगणात कंबरभर भिंत उभी करायची. हा संध्याकाळी यायचा, डोळा मिटून बघायचा आणि डाव्या पायानं तिसऱ्या थरावर लाथ घालायचा. "लाथेनं पडते ती भिंत नव्हे," एवढं बोलून हातपाय धुवायला जायचा. बारकी विटा खरवडून रचून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला घ्यायची. असं आठ वर्षं चाललं. त्या आठ वर्षांत एकदा 'बरी आहे' म्हणायला मेल्याची जीभ वळली नाही.

मग देशाला एकाएकी कारागिरांचा उमाळा आला. जगभरातल्या तरुण कामगारांची स्पर्धा आपल्याकडे भरणार होती. साठ देशांतून सुतार, वेल्डर, केस कापणारे, गवंडी. ज्यांनी जन्मात गवंड्याला बसायला खुर्ची दिली नाही, त्यांनी चौकाचौकात कारागिरांचे हसरे फोटो लावले. वीटकामाला देशातर्फे एकच जागा होती, ती बारकीनं मिळवली. वय एकवीस. बाविशीनंतर घेत नाहीत, म्हणजे ही एकच खेप. पहिल्या तिघांत आली की परदेशातल्या बांधकाम-शाळेत तीन वर्षं शिकायला मिळणार होतं आणि राहायला स्वतःची खोली. त्या घरातून बाहेर पडायची तिची वाट ती एवढीच.

"बाबा, तुम्ही येऊ नका," तिनं सांगितलं. "तुम्ही दिसलात की माझा हात चुकतो."

"मला काय पडलंय," तो म्हणाला.

आणि पुढच्या आठवड्यात साहेब स्पर्धेच्या सफाईच्या टोळीत दाखल. गुडघे गेल्यापासून त्याला परांचीवर कुणी चढू देत नव्हतं, झाडू मात्र कुणीही देत होतं. प्रेक्षकांना कठड्याबाहेर लांब उभं करणार होते, झाडूवाला आतपर्यंत जाणार होता. अर्जात एक प्रश्न होता: नात्यातलं कुणी स्पर्धेत आहे का? असेल तर कठड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, टाकलंत तर स्पर्धक बाद. हे भरतीच्या वेळी तोंडानंही बजावलं होतं. जन्मभर लोकांच्या तोंडावर खरं फेकणाऱ्या या माणसानं तिथे 'नाही' असं लिहिलं.

दोन दिवस तो टोपी खाली ओढून लांबलांबून झाडत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्पर्धकांना बाहेर काढलं आणि झाडत झाडत तो बारकीच्या चौदा नंबरपाशी आला. छातीभर भिंत, लाल विटांत पिवळ्या विटांचा पक्षी. सांधे असे की बघत राहावं. आणि नेमकी वरच्या थरातली, सुट्टीच्या आधी नुकतीच बसवलेली एक वीट करंगळीच्या नखाएवढी बाहेर.

पोरगी दमली, चुकली, आता मार्क जाणार. शेजारी नकाशा टाचलेला होता, पण नकाशा वाचायला तो कधी शिकलाच नव्हता. "कागद साहेबांनी वाचावा, भिंत मी वाचतो," ही त्याची नेहमीची ऐट. त्यानं इकडेतिकडे बघितलं, तळहातानं वीट आत दाबली, बाहेर आलेला सिमेंटचा ओला माल अंगठ्यानं पुसून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिची भिंत पाडली नव्हती, सावरली होती. त्याला इतकं बरं वाटलं की पुढचा सगळा कोपरा त्यानं दोनदा झाडला.

ती वीट पक्ष्याचा डोळा होती. ती बाहेरच ठेवायची, असं नकाशात मापासकट लिहिलेलं होतं.

बारकी परत आली आणि बघतच राहिली. ओल्या मालावर शेंडा नसलेल्या अंगठ्याचा ठसा होता. असा अंगठा तिनं जन्मभर एकाच माणसाचा पाहिलेला. पण वीट पुन्हा बसवायला वेळ पुरणार नव्हता. तिनं हात वर करून परीक्षकाला बोलावलं. कॅमेऱ्यात झाडूवाला दिसला, त्याला धरून आणलं.

"बाहेरच्या माणसानं हात लावला, तर वीस मिनिटं वाढवून मिळतात," परीक्षक तिला म्हणाला. "वीट पुन्हा बसव. फक्त एक विचारायचं राहिलं. ह्यांना ओळखतेस?"

"नाही," बारकी म्हणाली. "कुणी काका आहेत."

झालं होतं सगळं. त्यानं फक्त खाली बघायचं होतं, आणि थोडा वेळ बघितलंही.

"जा काका," परीक्षक समजुतीनं म्हणाला. "तुमचा दोष नाही. तुम्हाला ह्यातलं काय कळणार?"

"मला कळत नाही?" ओळंबा ताठ झाला. "चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्यात मी. हिच्या हातात थापी कुणी दिली, विचारा तिला. बाप आहे मी तिचा."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. परीक्षकानं अर्ज मागवला, नियम वाचून दाखवला. फलकावरून चौदा नंबर पुसला गेला.

भिंतीखालचा चौथरा तासाभरात रिकामा करून हवा होता. ओळंब्याचा झाडू काढून घेतला होता, पहारेकरी त्याला फाटकाकडे नेत होता. बारकीनं पहारेकऱ्याला थांबवलं.

"त्यांना सोडा इकडे. भिंत पाडायचीय." मग बापाकडे बघून, "या. तुम्हाला सवय आहे."

तो भिंतीपाशी आला. हात सवयीनं खिशात गेला, त्यानं ओळंबा काढून कोपऱ्याला धरला. मग दुसऱ्या कोपऱ्याला.

"केसभर हललेली नाही," तो म्हणाला. "चांगली झालीय गं."

"मला माहीत आहे. पाडा."

त्याचा पाय उचलेना.

"माल ओला आहे, बाबा. एका लाथेत पडेल," ती म्हणाली. "तेव्हाही ओलाच असायचा."

त्यानं डाव्या पायानं तिसऱ्या थरावर लाथ घातली. भिंत पडली. बारकीनं थापी धुतली, पुसून पिशवीत घातली आणि वळून न बघता निघून गेली. ओळंबा खाली बसला आणि एकेक वीट खरवडून रचून ठेवू लागला.