दोन फुलपात्रं गंगाजल

आमच्या बाथरूममधल्या डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्म धुण्याच्या औषधाच्या, बाटलीला दोन वर्षं झाली, आणि ती मी एकदाही रिकामी केलेली नाही. हे मी मिरवूनच सांगते. घरी सिनेमाची फिल्म धुणारे बरेच जण चार रोल झाले की औषध मोरीत ओततात. मी प्रत्येक रोलनंतर फुलपात्रभर जुनं काढते, तेवढंच ताजं, कडक बनवलेलं घालते आणि बूच लावते. बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी, आत हवा राहिली की औषध मरतं. एवढंच शास्त्र. पण ते न चुकता पाळायला चिकाटी लागते, आणि ती माझ्याकडे आहे.

बाबांनी आयुष्यभर गंगेच्या दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या पूजा सांगितल्या. गेल्या वर्षी गुडघ्यांनी पायऱ्यांना साफ नकार दिला. शेवटच्या सकाळी मी चावीचा जुना सिने-कॅमेरा घेऊन खालच्या पायरीवर बसले आणि अख्खा रोल बाबांवर खर्च केला. तो बिघडला असता तर ती सकाळ परत कुठून आणणार होते?

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या कामावरून घरी आले, तर बाटली काठोकाठ भरलेली. सकाळी ती थोडी उणी होती, संध्याकाळी ताजं मिश्रण करून भरू म्हणून ठेवली होती. बाबा दारातूनच म्हणाले, "मीच भरली. तूच म्हणतेस ना, हवा राहायला नको. देवघरातलं गंगाजल घातलं."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, काय करून ठेवलंत हे? विचारायचं तरी."

ते पाट ओढून बसले. मला लगेच स्वतःची लाज वाटली, पण राग काही उतरेना.

"किती घातलंत?"

"दोन फुलपात्रं. बरोब्बर."

जन्मभर पळीपळीने पाणी सोडलेला माणूस मापात चुकणार नाही, यावर मी विसंबले.

रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी लावून कामाला लागले. छतावरच्या माकडांचा एक रोल धुवायचा राहिला होता, त्याचेच वीतभर तुकडे कापले. पहिला नेहमीच्या वेळात धुतला, माकडं जेमतेम दिसली. मग बाटलीतलं दोन फुलपात्रं काढून कडक ताजं घातलं. दुसरा तुकडा बरा, तरी फिका. तिसऱ्याला तीन मिनिटं जास्त दिली, आणि शेपटीचा केस न् केस उठून आला. तेव्हा कुठे बाबांचा रोल काळ्या डब्यात घातला. मनगट दुखेपर्यंत डबा हलवला, घड्याळावरची नजर काढली नाही.

फिल्म अशी दाट आणि स्वच्छ निघाली की मी मोरीत एकटीच हसत बसले. न बिघडलेल्या औषधातही याहून चांगली निघाली नसती. कुणाला फोन करून विचारलं नव्हतं, सगळं माझ्या हाताने केलं होतं.

सुकल्यावर ती खिडकीशी धरली आणि बाबांनी भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये त्यांचे पांढरे केस काळेभोर दिसत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आमच्या तात्यांनी पण याच पायऱ्यांवर पूजा सांगितल्या. तुझ्या आजोबांचा एक फोटोसुद्धा नाही गं."

मग म्हणाले, "परत पहिल्यापासून दाखव."

शंभर फूट फिल्म. मी ती पुन्हा उजेडासमोर धरून इंच इंच सरकवत राहिले. खांदे भरून आले, पण हात खाली केले नाहीत.