कादंबरीतली उष्टी भांडी

मराठी कादंबरीतली माणसं वेळेवर जेवतात की नाही, याची काळजी अख्ख्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात एकाच व्यक्तीला आहे, आणि ती म्हणजे आमच्या आक्का. आम्ही एकाच शाळेत शिकवलं. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. आता अनगोळात म्हाताऱ्या आईला घेऊन राहतात आणि आठवड्याला दोन कादंबऱ्या फस्त करतात. लेखकाची शैली, जीवनदृष्टी, प्रतिमासृष्टी असल्या गोष्टींशी त्यांना कर्तव्य नाही. पुस्तक मिटलं की चष्मा काढून एकच प्रश्न: "सगळं खरं सर, पण ह्यांची भांडी कुणी घासली?"

हे सांगायचं कारण, मी स्वतः एक कादंबरी लिहून बसलो आहे. बेळगावच्या शहापुरातल्या एका खात्यापित्या घराण्याची, म्हणजे आमच्याच घराची, साडेतीनशे पानं. छापखानावाला तयार होता. पण आक्का 'बरी आहे' म्हणाल्याशिवाय छापायची नाही, असा पण मी चारचौघांत केला आणि हस्तलिखित त्यांच्या हवाली केलं. वैऱ्यानेही असला पण करू नये.

कारण त्या महिन्यातले त्यांचे निकाल पाहा. एका रहस्यकादंबरीतला गुप्तहेर बंगल्यात बसून अकरा कप चहा पितो आणि शेवटच्या पानावर खुनी पकडतो. "अकरा कप इसळणारी बाई त्या घरात असणारच की! तिला पयल्या दिवशी इचारलं असतं तर पुस्तक वीस पानांत संपलं असतं." ऐतिहासिक कादंबरीत चाळीस हजारांची फौज घाट उतरते, लेखकाने नुसत्या तलवारींवर तेरा पानं खर्च केली आहेत. आक्कांनी माणशी तीन धरून लाखावर भाकरी काढल्या आणि त्या थापणाऱ्या बायका कुठल्या गडावर ठेवल्या होत्या, असं लेखकाला पत्राने विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. प्रेमकथेतलं जोडपं आंबोलीच्या धुक्यात तीन दिवस काही न खाता एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिलं, त्यावर अभिप्राय दोन शब्दांचा: "पित्त झालं." भयकादंबरीतल्या भुताला त्या मुळीच भ्यायल्या नाहीत. "शंभर वर्सं बंद पडल्यालं घर, आन् फरशी चकचकीत! भूत झाडू मारतंय व्हय?" मंगळावरच्या कादंबरीला मात्र पैकीच्या पैकी गुण. तिथली माणसं गोळ्या गिळून जगतात, सबब भांडी नाहीत. कन्नड कादंबऱ्यांबद्दलही त्यांचं मत बरं आहे: "माणूस भेटला की 'ऊट आयता?' म्हणून जेवणाचं इचारत्यात तरी."

एकदा वाचनालयाने पुण्याहून एक नामवंत कादंबरीकार बोलावले. ते तासभर मानवी अस्तित्वाच्या पोकळीवर बोलले. प्रश्नोत्तरांत आक्का उठल्या. "तुमच्या नायकाच्या घरी सतरा डाव पाव्हणं आल्यात. सैपाक कोण करतंय?" कादंबरीकार मंद हसून म्हणाले, "बाई, तो अवांतर तपशील आहे." "आसं व्हय? मग आज घरी गेल्यावर मिसेसना सांगा, त्या अवांतर हायत म्हणून." आभार मानणारा गृहस्थ धावतच माईकवर आला.

आक्कांचा प्रश्न ठाऊक असल्यामुळे मी शहाणपणा केला होता. हस्तलिखित देण्याआधी प्रकरणा-प्रकरणात चूल पेटवली, पुरणपोळ्या लाटल्या, कटाची आमटी उकळली. वर भांडी घासायला एक बाईही नेमली. ती मागच्या दाराने येते, भांडी घासते आणि जाते. अशी अडतीस वेळा आणली. म्हटलं, आता काढा चूक!

महिन्याने बोलावणं आलं. रविवारी सकाळी गेलो. आक्कांची आई खाटेवर बसली होती. उभा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि लोकांच्या मोऱ्यांवर भांडी घासण्यात गेलेला, अक्षरओळख नाही. प्रत्येक कादंबरी आक्का दुपारी तिला मोठ्याने वाचून दाखवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"इचारणारी ही हाय, सर," आक्का हसून म्हणाल्या. "मी नुसती निरोप्या. भाषा चांगली हाय बरं का तुमची."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात म्हातारी वळली.

"मास्तर, ती मागच्या दाराची बाई. लई डाव आली. एवढ्या पोळ्या केलासा तुमी. तिनं कवा खाल्लं? आन् कुठं बसून?"

आवाजात राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या बाईची चौकशी करावी, तसं विचारलं. ती बाई काही मी मनाने रचलेली नव्हती. माझ्या लहानपणी ती सोळा वर्षं आमच्या घरी आली. सणाला माझ्या पोळीवर तूप किती असायचं ते मला आठवतं. तिला काय दिलं जायचं, ती कुठे बसायची, पाणी कशातून प्यायची, काही आठवत नाही. घरात सगळे तिला 'भांडीवाली' म्हणत. मला फार लाज वाटली. आक्कांनी खाली बघत चष्मा पुसायला घेतला.

"सावकाश लिवा," म्हातारी म्हणाली. "मी ऐकाय हाय अजून."

छापखान्याला थांबायला सांगितलं आहे. गल्लीतल्या चार जुन्या माणसांना विचारून झालं. तिचं नाव कुणालाच सांगता येत नाही. आक्कांची आई दर रविवारी वाट बघते, आणि मी दर रविवारी रिकाम्या हाताने जातो.